तर, तारी आणि उतारू

देवस्थानाच्या स्मरणिकेत श्रींचे माहात्म्य, जीर्णोद्धाराची हकीकत आणि पूर्वजांच्या दानधर्माच्या नोंदी असाव्यात, हे वाचकांस अपेक्षितच असते. अशा ग्रंथात नद्यांवरील होड्या, त्यांचा बंदोबस्त आणि त्यासंबंधीचे कायदे यांचा इतिहास कोणी लिहू लागला, तर ‘हा कोठला विषय?’ असे सुज्ञ महाजनांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. प्रस्तुत लेखकाचे उत्तर एवढेच की, आपल्यापैकी बहुतेकांची दैवते आज जेथे नांदत आहेत तेथे ती पाण्यावरून आलेली आहेत. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० च्या सुमारास अघनाशिनी म्हणजे आजची जुवारी ओलांडून अंत्रुजात प्रियोळास आला. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास गेला. चोडणचा श्रीदेवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास पोचला. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर मांडवीपलीकडे हिंदळ्याच्या रानात नेण्यात आला आणि तेथील देवालय छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधविले. देव सोडून गेले ते गाव तिसवाडी, बारदेश किंवा साष्टीतले. देवांना आसरा मिळाला तो पैलतीरी. मध्ये प्रत्येक वेळी नदी होती आणि नदीत होडी होती.

कोणा महाजनाने श्रींना मस्तकी घेतले, कोणाच्या अंगणात प्रथम मुक्काम झाला, हे आपल्या कुलवृत्तांतांत सापडते. होडी वल्हविणाऱ्या तारीचे नाव मात्र सापडत नाही. त्या रात्री होडीत माणसे किती होती, भरती होती की ओहोटी, हेही कोणी लिहून ठेवलेले नाही. आपल्या समाजाचे नदीकडे पाहण्याचे धोरण या मौनात पुरेपूर उतरले आहे. पार झालो तर देवाची कृपा, बुडालो तर दैवाचा घाला. मधल्या माणसाची जबाबदारी कोणती, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. तो विचारणारेही आपल्या परंपरेत होते, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

आधी पाण्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या आपल्या नद्या नकाशावर नद्या असल्या तरी मुखाकडील भागात त्या वस्तुतः खाड्याच आहेत. मांडवी आणि जुवारी यांत भरतीचा प्रभाव चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत जाणवतो आणि या दोघींना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. त्यामुळे एकाच दिवसात एकाच ठिकाणी पाणी दोन दिशांना वाहते. ओहोटीचा ओढ समुद्राकडे चालला असता समोरून पश्चिमेचा वारा सुटला, की पाणी आखूड, उभ्या लाटांनी उसळू लागते. अशा वेळी होडीचे तोंड फिरून ती लाटेला आडवी झाली, तर तिचा तोल सांभाळणे कठीण. पावसाळ्यात यात घाटावरून उतरणाऱ्या लोंढ्याची भर पडते. होडीत माणूस वाढला की होडी तेवढी खाली बसते आणि पाण्याची पातळी व होडीचा काठ यांमधील अंतर घटते. वीतभर उरलेल्या काठाला एक लाट पुरते. ती आत आली की भ्यालेली माणसे एका बाजूला सरकतात आणि उरलेले काम तीच करतात. बुडण्याच्या बहुतेक कथांचे शास्त्र एवढेच आहे.

हे शास्त्र आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नावध्यक्ष नामक अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. समुद्रातील, नदीमुखावरील आणि तळ्यानद्यांवरील सर्व तरींवर देखरेख ठेवणे, हे त्याचे काम. अवेळी किंवा नेमल्या उतारावाचून अन्यत्र नदी ओलांडणाऱ्यास दंड सांगितला आहे. कोळी, मोळीवाले, माळी, गुराखी अशा रोजच्या कष्टकऱ्यांना त्यातून सूट आहे. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रुग्ण, राजदूत आणि गर्भवती स्त्रिया यांनी अध्यक्षाच्या मुद्रेवर पार व्हावे, असे म्हटले आहे. मोठ्या नद्यांत चालणाऱ्या मोठ्या नावेवर नायक, सुकाणूवाला, दोर-कोयती सांभाळणारा आणि पाणी उपसणारा एवढी माणसे हवीत, हाही दंडक आहे. पाणी उपसणाऱ्याची गणना कायद्यात करणारा ग्रंथकार कधीतरी गळक्या नावेत बसला असावा, अशी आमची समजूत आहे!

परंतु त्या अध्यायातील खरी मोलाची तरतूद निराळीच आहे. माणसे किंवा सामग्री अपुरी असल्याने, अथवा डागडुजी न झाल्याने नाव बुडाली, तर जे नष्ट झाले त्याची भरपाई नावध्यक्षाने करावयाची. बिचाऱ्या नावाड्याने नव्हे, अध्यक्षाने. वादळात सापडून दिशा चुकलेल्या नावेवर त्याने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा, असेही सांगितले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तरीच्या भाड्याचे दर आहेत आणि त्यांच्याच शेवटी हा भेद आहे, की नावाड्यांच्या दोषाने मालाचे नुकसान झाल्यास ते सर्व नावाड्यांनी मिळून भरून द्यावे. मात्र दैवी आपत्तीत त्यांना दंड नाही. दोष कोठे संपतो आणि दैव कोठे सुरू होते, ही रेषा आखण्याचा प्रयत्न धर्मशास्त्रानेच केला आहे. पुढे आपण सारेच दैवाच्या खात्यावर टाकू लागलो, तो दोष शास्त्राचा नव्हे.

गोमंतकापुरते पाहता समुद्रावरील अपघाताची सर्वांत जुनी ख्यात कथा एका राजाचीच आहे. कदंब नृपती गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस जहाजाने निघाला असता वाटेत डोलकाठी मोडली आणि त्याला गोव्याच्या बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथे मदुमद नावाच्या अरब व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. हा उपकार कदंबांनी स्मरणात ठेवला. मदुमदाचा नातू छड्डम यास जयकेशी पहिला याने कोकणचा अधिकारी नेमले. इ. स. १०५९ च्या ज्या ताम्रपटात ही हकीकत येते, त्यातच निरनिराळ्या बंदरांहून येणाऱ्या जहाजांवरील कर धर्मकार्यासाठी लावून दिल्याचीही नोंद आहे. पाण्यावर ज्याने हात दिला त्याच्या वंशाकडे पाण्याचा कारभार गेला, हा योगायोग खचितच नसावा.

पोर्तुगीज अमदानी आली आणि पाण्यावरील शासनाचा रोख पार बदलला. खुल्या समुद्रात त्यांचा ‘कार्ताझ’, म्हणजे परवाना, घेतल्यावाचून जहाज हाकारण्याची सोय राहिली नाही. नद्यांवर तिसवाडी बेटाभोवती ‘पासु’ म्हणजे नाक्यांची साखळी उभी राहिली: पणजी, दाऊजी, बाणस्तारी, आगशी, नार्वे. यान हुइगेन फान लिन्सखोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. पलीकडच्या मुलखात धान्य-भाजी आणण्यास जाणाऱ्या एतद्देशीयांच्या उघड्या दंडावर नाक्यावर शिक्का उठवीत आणि परत येताना तो दाखवावा लागे, असे त्याने लिहून ठेवले आहे. पाण्यावर कायदा होता, पहारा होता, दंडही होता. कोण जातो, कोठे जातो आणि काय देतो, यावर डोळ्यांत तेल घालून नजर होती. होडीत किती बसले आणि होडी धड आहे की नाही, याची त्या शिक्क्याला पर्वा नव्हती. साष्टीतून अंत्रुजात श्रींच्या दर्शनाला जाणारा आपला पूर्वज राजकीय सीमाच ओलांडीत असे, कारण फोंडे महाल पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा राजमान्य नाका टाळून रात्री आडवाटेने, मिळेल त्या पातीतून नदी ओलांडण्याचा मोह किती जणांना झाला असेल, याची कल्पना करावी. कडक पहाऱ्याने लोक सुरक्षित झाले नाहीत, ते फक्त अधिक अंधारात गेले.

अर्थात त्या राजवटीने केलेली कामे नाकारण्याचे कारण नाही. पणजी ते रायबंदर हा सुमारे सव्वातीन किलोमीटरांचा बांधीव रस्ता लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४ मध्ये झाला. दलदलीतून आणि होडीतून करावयाचा तो प्रवास लोकांनी तेव्हापासून पायी केला. त्याला ‘पोंत द लिन्यारिश’ म्हणतात आणि आजही त्यावरून वाहने धावतात. मांडवीच्या मुखावर १६१२ मध्ये पुरा झालेल्या आग्वाद किल्ल्यावर १८६४ साली दीपगृह उभे राहिले. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा काही वर्षे आग्वादला होती; १८७१ साली ती पणजीच्या चर्चमध्ये गेली. या दिव्याने समुद्रावरून येणारांना नदीचे तोंड दाखविले. नदीच्या आतील तारीला मात्र चांदण्याचाच आधार राहिला.

भरतीचा हिशेब चुकला म्हणजे राजालाही क्षमा नसते. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी जुवे बेटावरील किल्ला घेतला. व्हाइसरॉय प्रतिहल्ल्यास आला आणि पराभूत होऊन माघारी फिरला. त्याचा पाठलाग करताना महाराजांनी घोडा पाण्यात घातला, भरती चढत होती, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घेऊन धन्यास वाचविले, असे बखरी सांगतात. आपल्या शाळांतून ही कथा स्वामिनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. जुव्याचा एखादा तारी तीच कथा भरतीचे वेळापत्रक म्हणून सांगेल.

आता थोडे स्वानुभवाचे. प्रस्तुत लेखक एकोणीसशे पन्नासच्या दशकात आठ-नऊ वर्षांचा होता. साष्टीतून अंत्रुजातल्या जत्रेला जाण्याची वाट तेव्हा धक्क्यावरूनच होती. मोठ्या उतारांवर मोटारलाँच आल्या होत्या, त्यांना सारे गोमंतक ‘गाझोलीन’ म्हणे. लहान उतारांवर मात्र होडीच. आमची आजी होडीत पाय ठेवण्यापूर्वी पाण्यात नारळ सोडी, एक नाणे टाकी आणि मग पदर खोचून मध्यभागी बसे. काठावर बसू नये, उभे राहू नये, मूल मांडीत घ्यावे, हे तिचे तीन नियम होते. कोणत्याही बंदर-कचेरीने ते तिला शिकविले नव्हते. आमचा तारी कृश, काळासावळा, मितभाषी असा वृद्ध होता. होडीच्या आतल्या फळीवर त्याने खिळ्याने एक रेघ ओढली होती. पाणी बाहेरून त्या उंचीला भिडले की तो वल्हे आडवे धरी आणि म्हणे, “आनीक एकलोय ना!” मग समोर भाट असो, भट असो की भाटकार असो.

एका वर्षी पालखीची वेळ टळत आली म्हणून आमच्याच मंडळींनी त्या तारीवर दडपण आणले. आमच्यातले एक वजनदार गृहस्थ धक्क्यावर उभे राहून, ‘देवाच्या कामाला जाणारांना देव बुडविणार नाही’ असे मोठ्याने म्हणाले. तारीने दोन वेळा मान हलविली, तिसऱ्यांदा खाली घातली. सात-आठ माणसे अधिक चढली. अर्ध्या पात्रात वारा फिरला आणि पाणी आत आले. एक बाई किंचाळून उठली आणि होडी कलली. आजीने तिला पदराला धरून खाली ओढले नसते, तर हा लेख लिहिण्यास मी उरलो नसतो. उतारूंनी तांब्याने, फुलांच्या परडीने, एकाने तर टोपीने पाणी उपसले. पैलतीराला लागल्यावर त्या गृहस्थांनी तारीलाच शिव्या घातल्या. कोणी बुडाले नाही म्हणून कोठे तक्रार झाली नाही, चौकशी झाली नाही. ‘श्रींनीच तारले’ असे सर्वांनी म्हटले. आजी मात्र घरी येताना म्हणाली, “श्रींनी तारले खरे, पण बुडवायला आपणच बसलो होतो.”

ज्या काळात आमच्याकडे हे चालले होते त्यापूर्वीच शेजारच्या ब्रिटिश मुलखात कायद्याची भाषा बदलू लागली होती. मुंबई इलाख्यात तरी आणि अंतर्गत जलवाहने यांविषयी १८६८ साली अधिनियम झाला. वाफेच्या नौका वाढल्यावर १९१७ साली अंतर्गत वाफनौकांचा अखिल भारतीय अधिनियम आला. पुढे त्यातील ‘वाफ’ हा शब्द गळून तो सर्वच यांत्रिक जलवाहनांना लागू झाला. नौकेची नियमित तपासणी आणि तिचा दाखला, तांडेल-सारंगाची परीक्षा, उतारूंची कमाल संख्या, अपघाताची चौकशी असे विषय त्यात आले. नावध्यक्षाचा जुना अध्याय जणू इंग्रजी पोशाखात परत आला. मात्र कायदा पुस्तकात येणे निराळे आणि धक्क्यावर उतरणे निराळे. मुंबई किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारी अमावास्येला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेले चाकरमाने होते. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे जी बातमी मिनिटांत मुंबईला पोचावयाची ती वाचलेल्या माणसांबरोबर तासांनी पोचली. संतांची नावे दिलेल्या या बोटी होत्या. नाव देवाचे किंवा संताचे ठेवल्याने तळ मजबूत होत नाही, हे इतक्या जिवांचे मोल देऊन कळले. तरी ते आमच्या धक्क्यावरील त्या गृहस्थांपर्यंत पोचले नव्हते!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हळूहळू भारतीय अधिनियम येथील पाण्यावर लागू झाले. पोर्तुगीजकालीन ‘कापितानिया’च्या परंपरेतील बंदर कप्तानाचे खाते राहिले, पणजीच्या नदीकाठावरील त्याच्या कचेरीकडे नौकांची नोंदणी, तपासणी, सारंग-ड्रायव्हर यांचे दाखले, जलमार्गांवरील दिवे-खुणा आणि पाण्यावरील शिस्त, ही कामे आली. सरकारी फेरीबोटी नदी परिवहन खात्याने चालविल्या. त्यांचे मुख्य ठाणे बेतीला. रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी, कुठ्ठाळी-मडकई, राशय-दुर्भाट, केरी-तेरेखोल या उतारांवर सपाट तळाच्या, पुढे फळी टाकणाऱ्या लोखंडी बोटी फिरू लागल्या आणि बैलगाडीपासून मोटारीपर्यंत सारे काही पार होऊ लागले. वाचकांनी लक्षात घ्यावे की, कुठ्ठाळी-मडकई आणि राशय-दुर्भाट हे दोन उतार म्हणजे सोळाव्या शतकात आपली दैवते ज्या पाण्यावरून गेली, तेच पाणी होय.

याच काळात नद्यांवर एक नवा स्वामी आला. लोहखनिज भरलेल्या बार्जेस मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराकडे रात्रंदिवस जाऊ लागल्या. भरलेल्या बार्जला थांबण्यास मोठे अंतर लागते. समोर काळोखात बिनदिव्याची होडी असली तर सारंगाला ती दिसत नाही आणि दिसली तरी उपाय नसतो. वळणावर, पुलाच्या खांबाजवळ आणि कुंभारजुव्याच्या अरुंद कालव्यात तर दोघांपैकी एकाने आधीच थांबलेले असावे लागते. नदी सर्वांची, हे खरे. पण ज्याच्याकडे यंत्र त्याच्याकडे वाट, असा व्यवहार झाला. जाळे टाकणाऱ्या कोळ्याला आणि शिंपल्या काढणाऱ्या बायांना लाटेचे धक्के आले. मोठ्याने लहानाला सांभाळून घेण्याचा नियम कागदावर होता. तो पाळला गेला की नाही, हे रात्री दोन वाजता पाहणार कोण? २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खनिज उत्खनन थांबल्यावर नद्या ओस पडल्या, तेव्हा कित्येकांची उपजीविका गेली. त्यांचे दुःख खरेच आहे; पण त्या शांततेत कोळ्यांच्या होड्या मधल्या पात्रात पुन्हा दिसू लागल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पूल झाले की तरीची चिंता मिटली, असा एक समज आहे. मांडवीवरील नेहरू पूल सत्तरच्या दशकाच्या आरंभी वाहतुकीस खुला झाला, तेव्हा पणजी-बेती फेरी आता इतिहासजमा होणार असे पुष्कळांनी म्हटले. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला. उत्तर गोव्याहून राजधानीत येणारा नोकरदार, विद्यार्थी, भाजीवाली असा सारा लोंढा पुन्हा फेरीबोटीवर आला. नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, तीच मुख्य वाट राहिली. त्या वर्षांत बेतीच्या धक्क्यावर सकाळी साडेआठला जे उभे राहिले त्यांना रेटारेटी म्हणजे काय ते कोणी सांगावयास नको. जुवारीचा पूल १९८३ चा. त्याच्या शेजारी नवा पूल २०२२ पासून सुरू झाला. मांडवीवर अटल सेतू २०१९ चा. परंतु चोडण-दिवाडीच्या माणसाला अजूनही फेरीच आहे. नावे बदलली, पूल वाढले, तरी पाण्यावरचा माणूस कमी झालेला नाही. उलट, पूर्वी गरजेने पाण्यावर जाणारा माणूस आता मौजेखातर जातो आहे.

पाण्याची रीत ठाऊक नसलेला हा मौजेचा उतारूच आज सर्वांत अधिक धोक्यात आहे. आमच्या आजीला तीन नियम पाठ होते. पर्यटकाला एकही नसतो. आपल्या समाजाची बरीच कुटुंबे बडोद्यास स्थायिक आहेत, त्यांना हे सांगावयास नको. तेथील सूरसागर तलावात १९९३ साली नौका उलटून बावीस जण दगावले. एका पिढीनंतर, १८ जानेवारी २०२४ रोजी, त्याच शहरातील हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. नौकेत क्षमतेहून कितीतरी अधिक जण होते आणि सर्वांना लाइफ जॅकेटे नव्हती. ना समुद्र, ना भरती, ना वादळ. शहराच्या मधोमध बांधलेले तळे. याला दैव कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जण मृत्युमुखी पडले आणि आठवडाभरात, नाताळाच्या दिवशी, आपल्या कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून एकाचा अंत झाला.

कायदाही या काळात नवा झाला आहे. २०१६ च्या अधिनियमाने देशात एकंदर १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत मांडवी, जुवारी, कुंभारजुवा, शापोरा, म्हापसा आणि साळ या आपल्या नद्या आहेत. शेवटचा, एकशे अकरावा क्रमांक जुवारीचा. १९१७ चा जुना अधिनियम जाऊन अंतर्गत जलवाहनांचा नवा अधिनियम २०२१ साली मंजूर झाला व २०२२ च्या जूनमध्ये अमलात आला. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी, विमा, प्रदूषणनियंत्रण यांची तरतूद त्यात आहेच. शिवाय इतक्या वर्षांत प्रथमच, यंत्राविना चालणाऱ्या साध्या होड्यांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकरण असून त्यांच्या नोंदीची जबाबदारी स्थानिक पातळीवर सोपविण्याची योजना आहे. आमच्या त्या वृद्ध तारीने खिळ्याने ओढलेल्या रेघेला राज्यकर्त्यांची मान्यता मिळण्यास एवढा काळ लागला.

आणि येथे हा विषय पुन्हा आपल्या दारी येतो. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकल्या की सांगड होते. ‘सांगड घालणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार याच वस्तूवरून आला. कुंभारजुव्यास चतुर्थीच्या सातव्या दिवशी सांगोडोत्सव भरतो; साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत नौकांचा उत्सव होतो. हे उत्सव गोमंतकाचे भूषण होत आणि ते बंद पडावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु सांगडीचे स्थैर्य दोन्ही होड्यांवर भार सारखा असण्यावर आणि बांधणीच्या दोरावर अवलंबून असते. आरतीच्या वेळी सगळे एका बाजूला झुकले, की दोन होड्यांची एक होडी होते. हे जुने जाणते तारी ओळखून असत आणि देखाव्यातील पात्रांनाही जागा नेमून देत. आता तारीही कमी झाले आणि त्यांचे ऐकणारेही.

देवस्थानच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या मी या लेखाच्या निमित्ताने चाळल्या. महाजनांची सभा कशी भरावी, हिशेब कसे राखावेत याला १९३३ पासून नियमावली आहे, त्यामुळे त्या वह्या नीट आहेत. तेलवात, फुले, वाजंत्री, पाने-सुपारी, सारे पैशापैशाने मांडलेले. प्रत्येक वर्षी एक ओळ आहे: तारीस दिले, इतके. त्याचे नाव नाही. किती खेपा झाल्या, प्रत्येक खेपेत माणसे किती, होडी कोणी पाहिली, याचे रकाने नाहीत. येत्या सर्वसाधारण सभेपुढे माझी सूचना आहे की, उत्सवाच्या वहीत या पानाला चार रकाने वाढवावेत: नौकेचा नोंदणी क्रमांक, नेमलेली संख्या, प्रत्यक्ष चढलेली संख्या आणि तारीचे नाव. लाइफ जॅकेटांचा खर्च उत्सवफंडातून व्हावा. मंडपाच्या रोषणाईपुढे तो काहीच नाही. आणि धक्क्यावर माणसे मोजण्यास महाजनांपैकी एकाने उभे राहावे. शक्य तर त्याने, ज्याचा आवाज त्या दिवशी सर्वांत मोठा असेल.